मागच्या चाकांचा हँडब्रेक

३ नोव्हेंबर

आज दुकान बंद करून आल्यावर खालच्या गाळ्यात गेले आणि गाडीवरचं कापड काढलं. मागची दोन्ही चाकं काढलेली आहेत, गाडी लोखंडी घोड्यांवर उभी आहे. हे गेले तेव्हा होती तशीच. जुने ब्रेकचे ड्रम भिंतीशी आहेत. त्यांच्या जागी नवीन डिस्क लागल्या आहेत आणि डिस्कला चिमट्यासारखे धरणारे कॅलिपरही बसले आहेत. पायाच्या ब्रेकचं काम पूर्ण झालं आहे. हँडब्रेकच्या दोन केबली तेवढ्या जोडायच्या राहिल्या. त्या मागच्या सीटवर पिशवीत आहेत.

कापड परत घातलं. जेवले. झोपले.

४ नोव्हेंबर

मुलीचा फोन आला. गाडीचं काय ठरवलंस म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

"आई, अशी किती दिवस ठेवणार तिला?"

"कुणाच्या वाटेत येते ती?"

मग ती गप्प बसली. मीही गप्प. आम्हा दोघींचं फोनवर असंच होतं. बापाशी ती तास तास बोलायची, आणि हे माझ्याकडे फोन देताना म्हणायचे, "घे, आता तुम्ही दोघी गप्प बसा."

शेवटी ठरलं ते असं. महिनाअखेरीला गाडीची तपासणी आहे. पास झाली तर गाडी राहील. नाही झाली तर तिने एक भंगारवाला बघून ठेवला आहे, तो येऊन घेऊन जाईल. मी बरं म्हणाले. हँडब्रेक नसेल तर पास करत नाहीत, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून बसले होते. ती गाडी गेली तर मला चालणार नाही. हे तिला सांगायला हवं होतं. इथे लिहिलं.

६ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. ह्यांचा दोस्त. कुठलंही काम सांगा, तो "होऊन जाईल" म्हणतो, म्हणून सगळे त्याला होऊनजाईलच म्हणतात. गॅरेजमध्ये एकच गाडी होती आणि तिच्यात तो स्वतः झोपला होता. काचेवर टकटक केली.

"वहिनी! बोला."

"ह्यांचं हँडब्रेकचं काम राहिलंय. केबली आहेत. तेवढं करून द्याल का?"

"होऊन जाईल."

"कधी?"

"सध्या जरा गर्दी आहे." त्याने गॅरेजभर नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलंच नाही. "तुम्हीच घाला की केबली. अडलं तर मी आहेच."

"मी औषधं विकते हो."

"मग तर बारीक कामाचा हात असणार."

माणूस चांगला आहे पण कामाचा उरक नाही.

संध्याकाळी नणंदबाई आल्या. ह्यांच्या मोठ्या बहीण. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, आणि तेवढ्यांनाच रडवलं. होऊनजाईलही त्यांचाच विद्यार्थी. अजून त्यांना "बाई" म्हणतो आणि त्या दिसल्या की हातातला पाना मागे लपवतो. मी त्यांना गॅरेजमधलं सांगितलं.

"बरोबर बोलला तो," त्या म्हणाल्या. "तू घाल. मी सांगते कसं ते."

"ताई, तुम्हाला येतं तर तुम्हीच—"

"माझी पाठ बघ आधी. वाकता येत नाही मला. तू खाली जा, मी स्टुलावर बसते."

काल त्यांच्या गच्चीवरच्या मातीच्या मोठ्या कुंड्या त्यांनी एकट्यांनी हलवल्या होत्या. माझ्या खिडकीतून दिसतं. त्यानेच पाठ धरली असेल.

८ नोव्हेंबर

रविवार. ह्यांचा जुना शर्ट घातला, बाह्या दुमडल्या, सतरंजी टाकून गाडीखाली गेले. मागच्या बाजूने, डोकं आत घालून.

काम समजायला अवघड नाही. गाडीत हँडब्रेकचा दांडा असतो. त्याच्याखाली एक आडवी पट्टी, पट्टीतून दोन केबली निघून एकेका मागच्या चाकाकडे जातात. दांडा ओढला की केबल ताणते, ती कॅलिपरवरचा छोटा हात ओढते, आणि कॅलिपर डिस्कला आवळून धरतो. एक केबल लांब आहे, एक आखूड. सायलेन्सरला वळसा घालून जाते ती लांब.

नणंदबाई स्टुलावर बसून शेंगा खात होत्या. टरफलं माझ्या पायांवर पडत होती.

"लांब केबल डावीकडे!"

"डावीकडेच घेतली."

"मग ओढ."

आखूड केबल ओढून ओढून जेमतेम पोचली. लांब केबल दुसरीकडे एवढी लोंबत राहिली की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. मी तशीच क्लिप बसवायला गेले, बोट चिमटलं. दुकानदाराने चुकीच्याच केबली दिल्या असतील असं वाटलं. मग आठवलं, केबली ह्यांनी स्वतः आणल्या होत्या आणि ते असली चूक करत नसत.

बाहेर आले. बघितलं. मग पुन्हा खाली गेले आणि पुन्हा बाहेर आले.

"ताई, तुमचं डावं म्हणजे कोणतं?"

"डावं म्हणजे डावं! ड्रायव्हरचं डावं. मी आयुष्यभर तेच शिकवलं."

"मी मागून डोकं घालून उताणी झोपले आहे. माझं डावं ते ड्रायव्हरचं उजवं."

त्या शेंग सोलता सोलता थांबल्या. हाताने हवेत गाडी वळवून बघितली. मग म्हणाल्या, "म्हणजे चूक तुझीच. ड्रायव्हर उताणा झोपत नसतो."

दोन्ही केबली काढून उलट बसवल्या. पोचल्या. संपूर्ण रविवार गेला. रात्री पडल्या पडल्या झोप लागली.

११ नोव्हेंबर

दुकानात एक गिऱ्हाईक माझ्या नखांकडे बघत राहिलं. मी हात काउंटरखाली घेतले. खोकल्याचं औषध दिलं.

१४ नोव्हेंबर

आज आतली बाजू. दांड्याखालच्या पट्टीत केबलींची टोकं अडकवायची होती. त्यासाठी ड्रायव्हरच्या सीटवर बसून खाली वाकावं लागतं. बसले आणि चुकल्यासारखं झालं. मी कधी या सीटवर बसले तर पाठीमागे उशी घ्यावी लागायची, नाहीतर पाय पोचत नसत. ह्यांचे पाय लांब. आज उशी लागली नाही. पाय थेट पेडलवर. बघितलं तर सीट पुढे आणून तिचे बोल्ट आवळून टाकले आहेत. जुनी भोकं मागे रिकामी आहेत, पुढे नवीन पाडली आहेत.

केबलच्या पट्टीपर्यंत हात पोचावा म्हणून पुढे आणली असेल, आणि मग मागे करायची राहिली. ते स्वतः बसले असते तर गुडघे स्टिअरिंगला लागले असते.

होऊनजाईल तेव्हाच आला होता, "अडलंय का" विचारायला. त्याला विचारलं, सीट त्यासाठीच पुढे घेतली ना?

"हो. त्यासाठीच, वहिनी," तो म्हणाला आणि नणंदबाईंकडे बघितलं.

नणंदबाई त्याच्यावर एकदम डाफरल्या. "तू इथे उभा काय? तुझ्या गॅरेजात गर्दी आहे ना?"

तो गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नणंदबाईंना नाक पुसायला रुमाल लागला. गाळ्यात धूळ फार आहे.

सीट मागे करायची आहे, पण सध्या मलाच बसावं लागतंय तर राहू दे.

१६ नोव्हेंबर

दिवसभर डोकं दुखलं. काही केलं नाही. हे सगळं मी का करते आहे ते कळत नाही. भंगारवाल्याला दिली असती तर गाळा रिकामा झाला असता.

१७ नोव्हेंबर

केबली जोडून झाल्या! पट्टीवरचा नट आवळत नेला. आधी दांडा वरपर्यंत यायचा आणि काही पकडत नव्हतं. मी थोडं आवळलं, मग आणखी थोडं. औषधाच्या बाटलीचं झाकण कसं, हवा जायला नको. शेवटी दांडा जरा उचलला की कट्ट. दोन्ही चाकं लावली आणि हाताने फिरवायला गेले. हलेनात. नणंदबाई स्वतः लोंबकळल्या, तरी हलेनात. (पाठ बरी आहे वाटतं.)

"जमलं की गं," त्या म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं की मुलीला फोन केला. तिला सांगितलं, केबली झाल्या. ती म्हणाली, "तू केल्यास?" मी हो म्हणाले. मग दोघी गप्प. पण हे गप्प बसणं वेगळं होतं, आणि फोन तिने ठेवला नाही.

१८ नोव्हेंबर

काल लिहिलेलं सगळं मागे घेते.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. मीच चालवली. नणंदबाई बाजूला, "आरसा बघ, आरसा" करत. गाडी जड वाटत होती. वाटलं, इतके दिवस उभी होती, अंग आखडलं असेल. चौकाला वळसा घालून परत येईपर्यंत वास यायला लागला.

"कुणाची तरी इस्त्री कपड्यावर राहिली वाटतं," नणंदबाई म्हणाल्या.

थोडं पुढे गेल्यावर रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघायला लागले. मी थांबवली. मागच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. होऊनजाईल गॅरेजमधून पाण्याचा डबा घेऊन पळत आला, पण पाणी टाकलं नाही. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकलं तर ती वाकते म्हणे. तोच पाणी प्यायला.

"वहिनी, हँडब्रेक लागलेलाच होता की."

"मी दांडा खाली केला होता."

"दांडा खाली केलात, पण तुम्ही सोडायला जागाच ठेवली नाही."

"हिचा स्वभावच तो," नणंदबाई म्हणाल्या. "माझा भाऊ म्हणायचा, हिने बंद केलेली बरणी उघडायला मला गल्लीतली माणसं गोळा करावी लागतात."

त्यांनी इतक्या दिवसांत त्यांच्या भावाचं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. होऊनजाईल डब्यात बघायला लागला. आणि मला हसू आलं. बऱ्याच दिवसांत तो आवाज झाला नव्हता, त्यामुळे माझी मीच दचकले. मग त्याही हसल्या, आणि आम्ही दोघी धूर येणाऱ्या गाडीला टेकून हसत होतो. लोकांना काय वाटलं असेल.

धुरामुळे डोळ्यांतून पाणी आलं.

२१ नोव्हेंबर

आज शांतपणे बसून बघितलं. कॅलिपरवरचा तो छोटा हात बोटाने मागे ढकलला, तर तो अजून मागे गेला. म्हणजे त्याला पूर्ण मागे जाऊन टेकायचं होतं आणि माझी केबल त्याला जाऊ देत नव्हती. त्यामुळे कॅलिपरमधले पॅड सतत डिस्कला घासत होते.

होऊनजाईलने सांगितलं ते असं. हा कॅलिपर आपलं अंतर आपण धरतो, पण त्याचा हात आधी मोकळा सुटायला हवा. म्हणून नट पूर्ण सैल करायचा. दोन्ही हात आपल्या जागी टेकू द्यायचे. मग पायाचा ब्रेक दाबत राहायचं, पॅड हळूहळू डिस्कजवळ येतात. ते झाल्यावर केबलीत जो ढिलेपणा उरेल तो नटाने काढायचा, आणि तोही सगळा काढायचा नाही.

"थोडा ठेवायचा?"

"ठेवायचा."

"किती?"

"होऊन जाईल अंदाज."

मला अंदाजाने काही देता येत नाही. दुकानात मी थेंब मोजते. तरी सगळं सैल केलं. नणंदबाई सीटवर बसून पायाने ब्रेक दाबत राहिल्या आणि बरोबर जुन्या विद्यार्थ्यांच्या चुगल्या सांगत राहिल्या. एकाने परीक्षेच्या दिवशी अधिकाऱ्याच्या स्कूटरवरच गाडी घातली. "पास झाला?" मी गाडीखालून विचारलं. "त्यालाच विचार," त्या म्हणाल्या. "तो बघ, तुझ्या जॅकशी उभा आहे."

होऊनजाईल म्हणाला, "बाई, ती स्कूटर आधीच पडलेली होती."

कॅलिपरचे दोन्ही हात आपल्या जागी टेकले. मग नट थोडा आवळला आणि थांबले. अजून आवळावासा वाटत होता. हात खिशात घातले.

चौकाला दोनदा वळसा घालून आलो. चाकं गार.

२४ नोव्हेंबर

आज भांडी घासताना विचार करत होते. हे ब्रेक ह्यांनी बदलायला घेतलेच का?

आमच्या गाडीचा हँडब्रेक गाडी घेतली तेव्हापासून धरत नव्हता. चढावर थांबलं की मी उतरायचं आणि मागच्या चाकाखाली धोंडा लावायचा. निघताना ते गाडी इंचभर पुढे घ्यायचे, मी धोंडा उचलायचे आणि पळत येऊन बसायचे. कुणाकडे गेलो की यजमानांना आधी मी दिसायचे, हातात धोंडा घेऊन. नणंदबाई मला कितीतरी वर्षं "हँडब्रेक" म्हणायच्या. "आला का गं हँडब्रेक?" असं दारातूनच.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही ह्यांनी काही केलं नाही. फक्त सपाटीवर गाडी लावायला लागले, आणि मग तिथून चालत. आणि गेल्या वर्षी काहीच कारण नसताना एकदम हे काढलं. छातीची तपासणी करून आले होते. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर म्हणतो सगळं ठीक आहे, नुसतं ऑइल बदला." दुसऱ्याच आठवड्यात डिस्कचं सामान मागवलं. त्याच सुमाराला माझ्या लायसन्सच्या मागे लागले, नवीन करून घे म्हणून. मी म्हटलं, तुम्ही असताना मी कशाला चालवू? तर म्हणाले, "कार्डावरचा फोटो तरी बदल, त्यात तू फार रागावलेली दिसतेस." केलं नवीन. नव्या फोटोतही तशीच दिसते.

ठणठणीत माणूस हाताला काम नसलं की असं काहीतरी काढतो. दुसरं काय.

पण गुडघ्याचंही असेल मनात. उशिरा का होईना. नणंदबाईंना विचारलं, "माझ्या गुडघ्यासाठी केलं असेल का हो त्यांनी?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. गुडघ्यासाठीच," आणि माझ्या हातातलं ताट काढून घेऊन स्वतः पुसायला लागल्या. ते आधीच पुसलेलं होतं.

२७ नोव्हेंबर

तपासणी झाली.

होऊनजाईलला म्हटलं होतं, तुम्ही न्या गाडी. त्याच्याकडे गर्दी. नणंदबाईंची पाठ. म्हणून मीच चालवत नेली, नणंदबाई मागच्या सीटवर. निघताना मुलीचा फोन आला. नापास झालं तर वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाली. भंगारवाल्याचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

तपासणी करणारा माणूस तरुण, भुकेला आणि कंटाळलेला होता. दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला, पायाचा ब्रेक बघितला. मग आवाराच्या टोकाला सिमेंटचा चढ आहे तिथे गाडी घ्यायला सांगितली. अर्ध्यात थांबवली.

"हँडब्रेक ओढा. गिअर काढा. आता ब्रेकवरचा पाय उचला."

दांडा ओढला. गिअर काढला. पाय उचलेना.

खरंच उचलेना. मागे आवाराची भिंत होती, आरशात दिसत होती. इतकी वर्षं या गाडीत मी बाजूच्या सीटवर होते, आणि चढावर थांबलं की माझा हात आपोआप दाराकडे जायचा. आताही गेला. पण मी उतरले तर पाय उचलणार, आणि पाय उचलला तर तिला धरायला कुणी नाही. मी अंदाजाने सैल ठेवलेली ती केबल तेवढी होती.

"मॅडम, पाय," तो माणूस म्हणाला.

"सरकेल."

"सरकते का तेच बघायचंय मला. जेवायची सुट्टी होतेय."

मागून नणंदबाईंचा आवाज आला. त्यांचा तो शाळेतला आवाज, ज्याला अर्धं शहर घाबरतं. "दारावरचा हात काढ."

काढला.

"सरकली तर मी उतरेन. पाठ गेली खड्ड्यात. तू पाय उचल."

पाय उचलला. गाडी किंचित मागे गेली, एखादं माणूस खुर्चीत टेकतं तशी. मग ती थांबली. उभी राहिली. मी स्टिअरिंग धरून बसले, पाय हवेत तसाच. तो माणूस चाकाजवळ वाकला, मागून एक ढकलून बघितलं आणि म्हणाला, "धरतो. बरा बसवलाय. कुठल्या गॅरेजला केलंत?"

नणंदबाई खिडकीतून बाहेर वाकल्या. "घरीच. आणि उताणं झोपून."

त्याला काही कळलं नाही. पास केली.

मुलीला फोन केला. पास झाली म्हटलं. ती काही बोलली नाही, मी काही बोलले नाही. मग तिचा रडण्याचा आवाज आला. मी ऐकत राहिले.

३० नोव्हेंबर

सोमवार. नणंदबाईंनी सकाळी खिडकीतून ओरडून विचारलं, येऊ का बरोबर? नको म्हटलं.

दुकानापर्यंत गाडी नेली. दुकानासमोरचा रस्ता चढाचा आहे. कडेला लावली, दांडा ओढला, गिअर काढला, पाय उचलला. काचा वर केल्या. उतरले, दार लावलं, दुकानाची किल्ली पिशवीतून काढली आणि शटर उघडलं.